बेळगाव सीमाभागात घर गार ठेवायचं आणि थंडीत ऊब राखायची : कमी पैशांत काय घ्यावं, काय घेऊ नये

एसी घ्यायला निघालेल्या माणसाला तीन प्रश्न विचारावेत. घराचं छत कसलं आहे? झोपायची खोली पश्चिमेला आहे का? आणि विजेच्या बिलावर दर महिन्याला किती युनिट येतात? या तिन्हींची उत्तरं हाताशी नसतील तर दुकानात जायची घाई करू नका. तिथं पहिलं वाक्य "दीड टनच घ्या साहेब, एक टन पुरत नाही" हेच ऐकायला मिळणार, आणि त्याला उत्तर द्यायला तुमच्याकडे काहीच नसणार.

आपल्या भागात घर गार करण्याचा खर्च बहुतेक वेळा छतावर करायचा असतो, यंत्राचा नंबर त्यानंतर लागतो. हिवाळ्यात खोली तापवायची गरज फारशी पडत नाही, खरा खर्च आंघोळीच्या पाण्याचा असतो. पुढचं सगळं या दोन गोष्टी धरून लिहिलं आहे.

आधी आपली हवा ओळखा

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा ३५-३७ च्या आसपास जातो, पण पहाटे २०-२२ पर्यंत उतरतो. म्हणजे रात्रीची गार हवा फुकट मिळते, फक्त ती घरात घेता आली पाहिजे. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे उन्हाळा सोसतो. तिथला खरा त्रास जून ते सप्टेंबर ओलीचा. निपाणी-चिक्कोडी मधलं. तिथून पूर्वेला रायबाग, गोकाक, अथणीकडे जाल तसं ऊन कोरडं आणि कडक होत जातं, आणि रात्रीही घर लवकर निवत नाही. कारवारला पारा फार चढत नाही, पण घाम वाळत नाही. बीदर-भालकीकडची मंडळी अथणीचा हिशेब आपला मानू शकतात.

एकाच जिल्ह्यात एवढा फरक असल्यामुळे अथणीच्या पाहुण्यांकडे कूलर मस्त चालतो म्हणून तुमच्याकडेही चालेल असं नाही. याची परीक्षा घरीच करता येते. दोन साधे थर्मामीटर घ्या. एकाच्या टोकाला ओली मलमलची पट्टी गुंडाळा आणि दोन्ही सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात पंधरा मिनिटं ठेवा. ओल्या कापडाचा थर्मामीटर खाली उतरेल. दोघांतला फरक पाहा. चांगला कूलर या फरकाच्या साधारण ८० टक्के गारवा देतो.

समजा अथणीत मेमधल्या दुपारी सुका ३८ आणि ओला २२ दाखवतो. फरक १६, त्याचे ८० टक्के म्हणजे जवळपास १३. कूलरमधून २५ अंशांची हवा येईल. कारवारला सुका ३४ आणि ओला २८ असेल तर फरक फक्त ६. हवा २९ च्या वर येईल आणि वर आणखी दमट. अंगाला चिकटेल. फरक दहाच्या वर असेल तर कूलर घ्या, सहा किंवा त्याहून कमी असेल तर नाव काढू नका. मधल्या पट्ट्यात पुढचं छताचं काम करून बघा आणि मग ठरवा.

पहिला खर्च छतावर

रात्री दहा वाजता स्टुलावर चढून स्लॅबला आतून हात लावा. गरम लागत असेल तर दिवसभराचं ऊन तुमच्या डोक्यावर साठलेलं आहे आणि ते पहाटेपर्यंत खाली उतरत राहणार. वडगाव, अनगोळकडच्या एकमजली स्लॅबच्या घरांत आणि टिळकवाडीतल्या अपार्टमेंटच्या शेवटच्या मजल्यावर हीच गत असते. अशा खोलीत एसी लावला तर निम्मा एसी स्लॅब गार करण्यातच खर्ची पडतो.

सगळ्यांत स्वस्त उपाय पांढरा रंग. गच्ची घासून धुवा, भेगा भरून घ्या. चुना आदल्या दिवशी भिजत घाला, दुसऱ्या दिवशी कापडातून गाळा, त्यात फेव्हिकॉलसारखा चिकट पदार्थ थोडा मिसळा म्हणजे तो हाताला लागून सुटत नाही. सकाळी ऊन चढायच्या आत एक हात, तो वाळल्यावर आडवा दुसरा हात. सहाशे चौरस फुटांच्या गच्चीचं सामान दोन-तीन हजारांत बसतं. माणूस लावला तर त्याची मजुरी वेगळी. आपल्याकडच्या पावसात चुना टिकत नाही, दरवर्षी फेब्रुवारीत पुन्हा लावावा लागतो. ते नको असेल तर तयार 'कूल रूफ' रंग मिळतो. महाग पडतो, पण दोन-तीन पावसाळे काढतो आणि बारीक गळतीही थांबवतो. दोन्हींनी खोलीत दोन ते पाच अंशांचा फरक पडू शकतो. गच्चीवर मिरच्या-पापड वाळत घालणाऱ्या घरात रंगाआधी घरच्यांशी बोलून घ्या, नाहीतर पांढरी गच्ची आठ दिवसांत पिवळी-लाल होते.

पत्र्याच्या घराचं गणित वेगळं. पत्रा दुपारी तापतो, पण सूर्य मावळला की तासाभरात निवतोही. त्यामुळे पत्र्याखाली फूटभर पोकळी सोडून आच्छादन करायचं आणि पोकळीची दोन्ही तोंडं उघडी ठेवायची, म्हणजे गरम हवा तिथूनच बाहेर पडते. आच्छादनाला बांबूचे तट्टे किंवा पीव्हीसीच्या पट्ट्या चालतात. थर्माकोल स्वस्त असतं म्हणून लावतात. ते पटकन पेट घेतं, लावू नका. चिक्कोडी-रायबागच्या ऊसपट्ट्यात पत्र्यावर उसाचं पाचट पसरायची पद्धत आहे. गारवा उत्तम मिळतो. पण वायर पत्र्यावरून गेली असेल किंवा शेजारी चूल पेटत असेल तर ती आग आपणच डोक्यावर घेतल्यासारखी आहे. वळीव यायच्या आत ते उतरवलंच पाहिजे, नाहीतर कुजून पत्रा खातं.

कौलारू घरात तर एसीचा विचारच सोडा. कौलांच्या फटींमुळे गार हवा आत टिकत नाही आणि मशीन थांबतच नाही. खाली लाकडी माळा असेल तर अर्धं काम आजोबा-पणजोबांनी करूनच ठेवलं आहे. जांभ्याच्या भिंती जाड असतील तर दुपारी दारं-खिडक्या मिटा आणि रात्री उघडा, बास.

पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावून फार उपयोग होत नाही, कारण तोवर ऊन काचेतून आत आलेलं असतं. सावली बाहेरून हवी. बांबूची चिक किंवा शेतीच्या दुकानातली हिरवी जाळी. बेळगावचा वारा लक्षात घेऊन ती खालूनही बांधा.

पंखा आणि रात्रीची हवा

बेळगाव शहरात बहुतेक घरांचं एवढ्यावर भागतं. दुपारी अकरापासून संध्याकाळपर्यंत खिडक्या मिटलेल्या ठेवा. आठनंतर सगळ्या उघडा. जिन्याच्या वरच्या टोकाला किंवा स्वयंपाकघरात उंचावर एक्झॉस्ट पंखा बसवला तर तो घरातली गरम हवा बाहेर टाकतो आणि बेडरूमच्या खिडकीतून बाहेरची गार हवा आत ओढली जाते. दीड-दोन हजारांचं काम. डासांसाठी खिडकीला जाळी आधी मारून घ्या, नाहीतर दोन दिवसांत खिडकी पुन्हा बंद होईल.

छताचा साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा २८ ते ३५. तीन पंखे रोज बारा तास चालले तर महिन्याला ५० युनिटच्या आसपास वाचतात. पण थांबा. सरकारच्या गृहज्योती योजनेमुळे (तिचा हिशेब पुढे आहे) तुमचं बिल शून्य येत असेल तर ही बचत खिशात पडत नाही. तेव्हा बीएलडीसीचा फायदा एवढाच की लाईट गेल्यावर इन्व्हर्टरची बॅटरी दुप्पट वेळ पुरते. बिल येत असेल किंवा मर्यादेच्या काठावर असाल, तर मात्र पंखे आधी बदला.

गृहज्योतीचा हिशेब मांडल्याशिवाय एसी घेऊ नका

महाराष्ट्रातल्या नातेवाइकांचा सल्ला इथं लागू पडत नाही. कर्नाटकात ऑगस्ट २०२३ पासून गृहज्योती योजना आहे. २०२२-२३ मधला तुमचा सरासरी वापर आणि त्यावर १० टक्के, एवढी वीज फुकट. त्याच्या वर पण २०० युनिटच्या आत गेलात तर वरच्या युनिटांचेच पैसे. २०० ओलांडले की त्या महिन्याचं सगळं बिल भरायचं.

एक घर धरू. सरासरी ९० युनिट, म्हणजे ९९ फुकट. एरवी बिल शून्य. आता मे महिन्यात रोज रात्री आठ तास एक टनाचा इन्व्हर्टर एसी (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा) चालवला, ताशी साधारण ०.६ युनिट धरले, तर १४० च्या वर युनिट वाढतात. एकूण २३०. मर्यादा गेली. युनिटला सहा रुपये धरले तरी तेराशे-चौदाशे, वर स्थिर आकार आणि कर. त्याच घरात १८० वॅटचा कूलर तेवढाच वेळ चालवला तर ४५ युनिटांच्या आत वाढ, एकूण १३५, आणि पैसे फक्त वरच्या ३६ युनिटांचे. सव्वादोनशेच्या आसपास. दुकानदार ताशी किती वीज लागते ते सांगतो, पण २०० ची रेघ तुमची तुम्हालाच पाहायची आहे.

यातून एक मार्गही निघतो. एसी घेतलाच असेल तर तो रात्री तीन तास चालवा आणि मग टायमरवर बंद करून पंख्यावर झोपा. वाढ ५५ युनिटांच्या घरात राहते आणि २०० ओलांडले जात नाहीत. बिल कन्नडमध्ये छापलेलं असलं तरी आकडे सगळ्यांना वाचता येतात: मागचं रीडिंग, आत्ताचं रीडिंग, त्यांतला फरक. मीटरचा फोटो महिन्याच्या मध्यावर काढून ठेवला की कुठं चाललो आहोत ते कळतं. बिलावरच मंजूर भारही किलोवॅटमध्ये असतो. तो एकच किलोवॅट असेल तर दीड टनाच्या एसीआधी हेस्कॉम या वीज कंपनीकडे भार वाढवून घ्यावा लागेल, आणि स्थिर आकारही किलोवॅटप्रमाणे वाढेल.

जे आधीच दर महिन्याला २०० च्या वर आहेत त्यांनी छतावरच्या सोलरकडे बघावं. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. शून्य बिलवाल्यांकडे त्यातून वाचवण्यासारखं बिलच नसतं.

कूलर घ्यायचा ठरला तर

खोलीची लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणा आणि दोनाने भागा. १० बाय १२ ची खोली, उंची १०, म्हणजे १२०० घनफूट. कूलर किमान ६०० सीएफएमचा (मिनिटाला ६०० घनफूट हवा फेकणारा) हवा. पाटीवरचा आकडा नेहमी फुगवलेला असतो, म्हणून थोडा मोठाच घ्या.

कूलर खोलीच्या आत ठेवून दार लावून घेणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. तो खिडकीत बसवायचा, बाहेरची कोरडी हवा ओढू द्यायची आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवायची. तसं केलं नाही तर तासाभरात खोलीत बाष्प भरतं आणि मग लोक म्हणतात कूलर बेकार आहे.

पाण्याचा विचार आधी करा. मोठा कूलर कडक उन्हात तासाला आठ-दहा लिटर पाणी पितो. जिथं उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते तिथं हा खर्च विजेपेक्षा जड. बोअरचं पाणी जड असेल तर पॅडवर पांढरे थर बसतात. दर तीन-चार दिवसांनी टाकीतलं उरलेलं पाणी पूर्ण काढून टाका, नुसतं वर ओतत राहू नका. त्यानं डासांच्या अळ्याही निघून जातात. गवताचे पॅड स्वस्त आणि दरवर्षी बदलायचे. हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारखे जाळीदार पॅड) महाग, दोन-तीन वर्षं चालतात, पण जड पाण्यात तेही लवकर जातात. जड पाणी असेल तर मी गवतच घेईन.

स्थानिक बनावटीचा लोखंडी कूलर पाच ते नऊ हजारांत मिळतो, वारा जोरदार देतो आणि गल्लीतला कुठलाही मिस्त्री दुरुस्त करतो. धोका एकच, आणि तो जिवाचा. पाणी, लोखंड आणि खराब अर्थिंग एकत्र आलं की शॉक बसतो. तीन पिनांचा प्लग, नीट अर्थिंग आणि बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच), याशिवाय लोखंडी कूलर लावू नका. लहान मुलं असतील तर प्लास्टिक बॉडीचा घ्या, वारा थोडा कमी मिळाला तरी चालेल. पाणी भरताना प्लग काढलेला असलाच पाहिजे.

वडगाव-शहापुरात घरातच माग असणाऱ्यांनी कूलरचा झोत मागावर येऊ देऊ नये. धाग्याला थोडा दमटपणा मानवतो, मागाच्या लोखंडाला नाही.

एसीच हवा असेल तर

कारवारला हवाच. बेळगावात घरी आजारी किंवा वयस्क माणूस असेल, रस्त्यालगत खिडकी उघडता येत नसेल, किंवा शेवटच्या मजल्यावर छताचं काम करूनही भागत नसेल तर एका बेडरूमला घ्या. १२० चौरस फुटांपर्यंत एक टन, १८० पर्यंत दीड. वर तापता स्लॅब असेल तर एक पायरी वर जा, पण आधी रंग देऊन बघा. एक टनात भागलं तर भाराचा प्रश्नही हलका होतो.

तीन स्टार की पाच स्टार? लेबलवरची वर्षाची युनिटं १६०० तासांच्या वापरावर काढलेली असतात. बेळगावात एसी एप्रिल-मेच्या रात्रीच चालतो, चारशे तासांच्या आसपास. दोन मॉडेलांच्या लेबलांत २०० युनिटांचा फरक असेल तर तुमच्या वापरात तो ५० युनिटांचा, म्हणजे वर्षाला तीनशे-साडेतीनशे रुपयांचा. त्यासाठी सात-आठ हजार जास्त मोजले तर वसूल व्हायला वीस वर्षांच्या वर लागतील. बेळगाव, निपाणी, चिक्कोडीत तीन स्टार इन्व्हर्टर पुरे. कारवारला आठ महिने चालणार असेल तर पाच स्टार, आणि खाऱ्या हवेसाठी कॉइलवर गंजरोधक लेप असलेलाच. लेबलवरचं वर्षही पाहा. निकष बदलत असतात आणि जुना पाच स्टार नव्या मापात खाली येतो.

कॉइल तांब्याची घ्या. जुन्या बाजारातला आर-२२ गॅसचा एसी कितीही स्वस्त मिळाला तरी नको. एसीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे. जुन्या किमतीची पाटी दाखवून 'ऑफर' म्हणत असतील तर बिलावर कराची ओळ बघून घ्या. कोल्हापूरला स्वस्त मिळतो म्हणून जाणारे पुष्कळ आहेत. जीएसटी दोन्हीकडे सारखाच, फरक दुकानाच्या सवलतीचा. पण बसवायला माणूस कुठून येणार, हे पैसे देण्याआधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या. गाडीभाडं आणि बसवणीत सवलत संपलेली मी बघितली आहे.

बसवायला आला की त्याच्याजवळ उभं राहा. पाइप जोडल्यावर व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा काढली पाहिजे. नुसता गॅस सोडून "हवा गेली बघा" म्हणणाऱ्याला थांबवा. आत बाष्प राहिलं तर दोन वर्षांत कॉम्प्रेसर कुरकुरायला लागतो. बाहेरचं युनिट सावलीत, चारी बाजूंनी वारा मिळेल असं. बोर्डापासून वेगळी वायर, निदान २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची. अंतर जास्त असेल तर ४ ची. स्वतंत्र एमसीबी. संध्याकाळी बल्ब मंद होणाऱ्या भागात स्टॅबिलायझर वेगळा घ्या. 'स्टॅबिलायझर फ्री' मशीन कुठल्या व्होल्टेजपर्यंत चालतं ते खोक्यावर लिहिलेलं असतं.

थंडीचं

डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १२-१४ वर येतो, कधी त्याखालीही. गारठा लागतो, पण महिना-दीड महिनाच. त्यासाठी खोली तापवायचं यंत्र घेणं मला पटत नाही. दोन किलोवॅटचा हीटर रोज दोन तास चालवला तर महिन्याला १२० युनिट, आणि पुन्हा तीच २०० ची रेघ. ऑइलचा हीटर 'वीज वाचवतो' असं सांगतात; एका युनिटमागे ऊब तेवढीच मिळते, फक्त ती हळू येते आणि हळू जाते. तेवढ्याच विजेत तिप्पट ऊब देणारा एकच प्रकार म्हणजे 'हॉट अँड कोल्ड' इन्व्हर्टर एसी. नवीन एसी घेतच असाल आणि घरी संधिवाताचं माणूस असेल तरच त्याचे जास्तीचे पैसे मोजा.

बाकीच्यांनी दाराखालची फट कापडाच्या गुंडाळीनं बुजवावी, आजीची जुनी वाकळ बाहेर काढावी, आणि वयस्कांच्या अंथरुणात शंभरेक वॅटचं इलेक्ट्रिक ब्लँकेट घालावं. माणसाला ऊब हवी, अख्ख्या खोलीला नाही.

कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून कधीही झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. बिनझरोक्याच्या न्हाणीघरातल्या गॅस गिझरचंही तेच. गिझर बाहेरच्या भिंतीला, उघड्यावर हवा.

आता आंघोळीचं पाणी. चार माणसांचं शंभर लिटर पाणी वीस अंशांवरून बेचाळीसपर्यंत तापवायला रोज अडीच युनिटच्या वर लागतात, महिन्याला ७५-८०. बऱ्याच घरांत फुकट विजेचा मोठा भाग इथंच जातो आणि खापर फ्रिजवर फुटतं. गच्चीवर हक्क असेल तर शंभर लिटरचा ट्यूबवाला सोलर हीटर बसवा. ऑक्टोबर ते मे तो काम भागवतो. खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात त्याच्यावर विसंबू नका. गावाकडे लाकूड-काटक्या मिळत असतील तर परसातला तांब्याचा बंब अजूनही सर्वांत स्वस्त. बादलीत टाकायचा रॉड वापरत असाल तर बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका, हे घरातल्या मुलांनाही सांगा.

खरेदी कधी करावी

कूलर फेब्रुवारीत, शिवरात्रीच्या आसपास. तेव्हा माल निवडता येतो, भावही बोलता येतो, आणि बनवणारा तुमच्या खिडकीच्या मापाची चौकट करून देतो. एसी दिवाळीत किंवा जानेवारीत. एप्रिलच्या शेवटी घेतलात तर बसवणाऱ्याचीच आठ-दहा दिवस वाट बघावी लागते. सोलर हीटर पाऊस संपल्यावर, दसऱ्याच्या सुमारास. छताचा रंग मात्र कडक ऊन पडू लागण्याआधी, गच्ची पूर्ण कोरडी असताना. दुकानातून निघताना बिलावर मशीनचा सीरियल नंबर, मोफत पाइप किती फूट आणि त्यावर फुटामागे किती, या तीन ओळी हातानं लिहून सही-शिक्का घ्या.